पासष्टांतले दहा

यात्रेला आठवडा राहिला तसा जयवंताचा कोईमतूरहून फोन :
"आम्ही नऊ जण. सोप्यात प्लग एकच आहे ना रे अजून?"
एकच आहे.
मागच्या साली त्याच्यापायी
कानपूरची वहिनी आणि कोईमतूरची वहिनी
दोन दिवस एकमेकींच्या ताटात वाढत नव्हत्या.

म्हणून विट्याला आलो, गिरण दुपारची बंद ठेवून.
भुवयांवर पीठ तसंच.

अल्ताफ तांबोळीनं काचेवर तीन मांडले.
एक साडेचारशेचा, सहा भोकांचा, डब्याएवढा.
"हा नको," तोच म्हणाला,
"नळ सहा आहेत, पण टाकी तांब्याएवढी."
दुसरा शंभर वॅटचा, बत्तीसशे.
"लॅपटॉप आणणारेत का कोण?"
आणला तर आणला, मी काय विचारू?
तिसरा पासष्टचा. तीन नवी बारीक तोंडं, एक जुनं रुंद.
मुठीत मावेल एवढा, आणि एकवीसशे.

एवढासा?
आमच्या घरात सगळे सोनं गाळणारे.
तेजाबानं पिवळ्या पडलेल्या तळव्यावर
दादा वळं नुसतं ठेवायचे
आणि सांगायचे, ह्यात तांबं किती.
जड ते खरं, एवढंच मला त्यातलं आलं.
हा तर अर्ध्या पेरूएवढा.
"आतला माल वेगळाय," अल्ताफ म्हणाला, "तापतो कमी, म्हणून लहान."
मी तो तळव्यावर ठेवून बघितला.
काही बोलला नाही.

मग मी गिरणीवाल्याचा प्रश्न विचारला :
चारी एकदम लागले की लोड कसा?
खोक्याच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत होतं ते.
अल्ताफनं फोटो काढला, मोठा केला, वाचलं :
एकटा असेल तर सगळे पासष्ट.
दोघे आले, पंचेचाळीस आणि वीस.
तिसरा-चौथा आला की त्या विसाचे आणखी तुकडे.
पंचेचाळीस मात्र पहिल्या तोंडाचे.
"म्हणजे थोरल्याचे," मी म्हणालो.
"त्याला टॅबलेट लावा, फोनांना बाकीचं बास.
आणि नवी वायर खुपसली की
आधीचे सगळे क्षणभर बंद पडतात.
बिघाड न्हवं तो. पुन्हा मोजतो, पुन्हा वाटतो."

आम्हा तिघांत मोजणी एकदाच झाली.
दोघांना पेढ्या आणि परमुलूख,
मला गिरण, घर, आई.

वायरी जाड घ्या म्हणाला, जुन्यातनं अर्धंच येईल.
जाड होत्या त्या हातभरच लांब होत्या.
घेतल्या.

आले नऊ जण. लॅपटॉपही आला.
कनिका टॅबलेट लावून ओरडली,
"चित्तप्पा, इथं फास्ट लिहून आलं!"
चित्तप्पा म्हणजे मी.
दिवसभर कोणी ना कोणी खुपसायचं,
मग सगळ्यांचे एकदम टिंग,
श्वासभर काळोख, पुन्हा टिंग.
वहिन्या पहिल्यांदा दचकल्या, मग हसायला लागल्या.

आणि रात्री, पालखी देवळात परत गेल्यावर,
मी पाण्याला उठलो तर
हणमंता आणि जयवंता भिंतीला टेकून, गुडघ्याला गुडघा लावून.
दोघांचे फोन लागलेले, दोघांना बघायचे होते,
आणि वायर हातभरच.
फोन बाजूला पडले होते.
कानपुरात भट्टीचा भाडेकरार संपतोय, असं काहीतरी चाललं होतं.
आईच्या दहाव्यानंतर
हे दोघे इतके जवळ बसलेले मी पाहिले नव्हते.
पाणी न पिताच परत आलो.

सोमवारी गाड्या गेल्या.
आता पहिल्या तोंडात माझा फोन.
पासष्टच्या पासष्ट एकट्याचे.
पण अल्ताफ म्हणाला होता ते खरं,
ढकलून काही जात नाही,
घेणारा मागेल तेवढंच.
हा जुना, दहा मागतो.
हात लावून बघितला.
गार होता.