उसनी दाढ

धनेगावच्या खाली, मांजरेच्या पात्रात
वाळूच्या उपशात लागलेली ही दाढ
इलाहीनं टेम्पोच्या सीटवर, गोणपाटात बसवून आणली
अंबाजोगाईला, कॉलेजच्या संग्रहालयात.
भाडं नको म्हणाला. चहा घेतला.

भालेकर मॅडमनी पट्ट्या मोजल्या : तेरा.
मी पुन्हा मोजल्या : तेरा, आणि एक तुटकी.
चाळीस हजार वर्षांपूर्वीचा हत्ती, त्यांनी फळ्यावर लिहिलं
आणि शेजारी प्रश्नचिन्ह, हत्तीपेक्षा मोठं.
ताडून बघावी अशी दुसरी दाढ
पुण्यात नव्हती. कोलकात्यातही नव्हती.
होती लाहोरात,
एका कपाटाच्या खालच्या खणात,
सत्तेचाळीसच्या आधीच तिकडं गेलेली.

पार्सल जात नाही. व्हिसा मिळत नाही.
मापं मात्र जातात.
डॉक्टर शहनाज चट्ठा रात्री फोन करायच्या
आणि मी, संग्रहालयाचा परिचर,
कॅलिपरवरचे आकडे दखनीत वाचून दाखवायचो :
हौ मॅडम, पच्यासी मिलिमीटर, उप्पर सात.
त्या हसायच्या. आपकी उर्दू में मिट्टी बहुत है.
नदीतलं काम आहे, मी म्हणायचो.

मग निघालं ते लालीचं.
त्यांच्या दाढेच्या खाचांत लाल काहीतरी बसलेलं.
त्यांना वाटलं गेरू; तपासणीत निघालं शिसं.
तुमच्या नदीत शिसं कुठून?
मॅडमनी तीन ठिकाणचा गाळ तपासून घेतला.
शिसं नाही.
उन्हाळा गेला. मधे सरहद्दीवर काय काय झालं,
दोन महिने माझ्या मेसेजला एकच टिक.

टिका दोन झाल्या त्या दिवशी फोटो आला :
दाढेला बांधलेली चिठ्ठी.
एका अंगाला उर्दू : हाथी की दाढ़, जिला बीड, एक अदद.
दुसऱ्या अंगाला, तिकडं कुणालाच न लागलेल्या
मुंग्यांच्या रांगा.
मोडी.
मी मोडी शिकलो बांधाच्या भांडणात, जुनी खतं वाचायला.
वाळवीनं खाल्लेला एक शब्द सोडला तर सगळं लागलं :
मौजे वाघाळवाडीची मांजराई. देवळातून उसनी नेली.
पाहून झाल्यावर परत द्यावी.

शेंदूर!
मॅडम खुर्चीत बसल्या.
शिशाचा शेंदूर, दर अमावस्येला, बोटानं,
किती पिढ्या कुणास ठाऊक.

आता चट्ठाबाईंना हे सांगायचं कसं?
खाचांचं होतं तोवर ठीक होतं,
ही तर मागणी झाली.
मॅडम म्हणाल्या, आहे तसं वाच.
वाचलं.
तिकडून नुसता पंख्याचा आवाज.
मग त्यांनी विचारलं, उसनं म्हणजे कर्जच ना?
नाही, मी म्हणालो. कर्जाला व्याज लागतं,
उसन्याला फक्त शेजार.

अस्सल देणं त्यांच्या हातात नव्हतं.
साचा काढणं होतं.
मस्कतच्या एका नर्सच्या बॅगेतून, टॉवेलात गुंडाळून
प्लास्टरची दाढ आली, तीन तुकडे होऊन.
मी सांधली. भेग राहू दिली.
चौदा पट्ट्या. जात एकच, वय वेगळं.
निबंध छापून आला.
दोघींची नावं शेजारी चालणार नव्हती, म्हणून मधे
मस्कतच्या एका प्राध्यापकाचं,
स्वल्पविरामासारखं.

वाघाळवाडी धरणात गेली, देवळासकट.
उठलेल्या गावातली प्रयागबाई भिसे एसटीनं आली.
तिला दाढ आठवत नव्हतीच.
तिला आठवत होता रिकामा कोनाडा,
त्यालाच शेंदूर लावत ती मोठी झालेली.
काचेचं झाकण पुसायला काढलं होतं.
'हात लावू नये', ही पाटी माझ्याच अक्षरातली.
मी रजिस्टर आणायला गेलो, जरा सावकाश.
आलो तेव्हा चौथ्या खाचेत लाल ठिपका.

रजिस्टरात रकाना असतो : वस्तू कशी मिळाली.
छापलेलं आहे दान, खरेदी, उत्खनन.
मी पेनानं चौथा शब्द लिहिला.
फोटो लाहोरला पाठवला, ठिपक्यासकट.
अजून एकच टिक आहे.