पाचवा डबा

बोंदोचा एकच हट्ट, क्रमाने बघायचं.
मधूनच उचललं तर माणूस कळत नाही, म्हणाला,
नुसती त्याची कीर्ती कळते.
म्हणून कुताईसीत, त्या हिवाळ्यात, दर गुरुवारी
आम्ही सातजण, कोट अंगात तसेच,
एल्गुजा मेबोनियाच्या मागे चालत राहिलो
डब्यामागून डबा.

पहिला सतरा मिनिटांचा. चहाच्या मळ्यातल्या बायका,
आणि कॅमेरा इतका लाजरा
की त्यांच्या टोपल्यांकडेच बघतो.
दुसऱ्यात हातांपर्यंत पोचला.
तिसऱ्याच्या आधी लग्न झालं असावं त्याचं,
एकदम खिडक्या, दोरीवरचे कपडे,
कुणाचं तरी मानेवरचे केस उचलून धरणं.
चौथा वाईट आहे. सपशेल वाईट.
ट्रॅक्टर, भाषणं, ढगाला टेकलेला झेंडा.
नातेला विणता विणता म्हणाली, यालाही पोट होतंच की.
कुणी हसलं नाही.
आमच्या प्रत्येकाच्या घरात
असा एक चौथा सिनेमा आहे.

पाचवा आलाच नाही.
म्हणजे डबा आला तिबिलिसीहून, वर नाव बरोबर,
आत आंबट वास
आणि चिकटून ढेप झालेली फीत.

सोडून द्या, मी म्हणाले, सहावा लावा.
बोंदोने दिवे मालवले
आणि यंत्र रिकामंच चालू केलं.
चौऱ्याऐंशी मिनिटांचा सिनेमा, चौऱ्याऐंशी मिनिटं
पांढरा पडदा.

विसाव्या मिनिटाला गुराम खाकरला.
सुतार तो, आमच्यातला सगळ्यात घुम्या.
म्हणाला, मी आहे यात. सात वर्षांचा.
मग पडद्यावरची नजर न काढता सांगत गेला,
रिओनीचा काठ, सासष्ट साल, उसने बूट,
आणि मुरा, तपकिरी कुत्रा,
जो शेवटी पुरात वाहून जातो.
मी खरंच रडलो, म्हणाला.
खरं रडावं म्हणून कुणी सांगितलंच नाही की खोटं आहे.
नंतरही नाही सांगितलं.
जरा थांबून : खोटं नसेलही.
मुरा मला परत दिसला नाही.

पुढचा गुरुवार. अडुसष्ट साल.
कॅमेरा आता लाजत नाही, हलतही नाही,
काही तरी करून बसलेल्या माणसासारखा.
एक विधवा अंगणात घेवडा सोलते आहे, सोलतेच आहे,
आणि चाळिसाव्या मिनिटाला
गोष्टीशी काडीचा संबंध नसलेला
एक तपकिरी कुत्रा डावीकडून येतो,
कान फाटका,
हवा हुंगतो,
उजवीकडे निघून जातो.

गुराम उभा राहिला.
त्याची सावली पडद्यावर पडली, नेमकी
त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवल्यासारखी.
बस खाली, असं कुणी म्हणालं नाही.
हरामखोर, तो म्हणाला,
हळू, जवळजवळ मायेने.
कुत्र्याला की एल्गुजाला, मला कळलं नाही.

सातव्यात मुरा शेगडीपाशी झोपलेला, तोंड पांढरं झालेलं.
पाळला होता तर त्याने.
आठवा, जाणकार म्हणतात, त्याचा सर्वश्रेष्ठ.
मला त्याची गोष्ट सांगता येणार नाही.
दोन तास दहा मिनिटं आम्ही सगळे
टेबलांखाली, दारांआड, घोड्यांच्या पायांमधून
फक्त कुत्रा शोधत होतो.
नव्हता.

नववा, दहावा. नातेला न्यूमोनियाने दोन गुरुवार हुकली
आणि तिच्यासाठी आम्ही दोन्ही वेळा थांबलो, क्रम म्हणजे क्रम.

शेवटचा अकरा मिनिटांचा, मुका, अर्धवट.
म्हाताऱ्याला तेव्हा लांबचं दिसेनासं झालं होतं,
म्हणून सगळं नाकाशी आणलेलं :
पाव. सुरी. दाराची कडी.
आणि खालच्या कोपऱ्यात, धूसर,
काही तरी तपकिरी.

बूट आहे, नातेला म्हणाली.
डाग आहे फितीवर, बोंदो म्हणाला.
गुरामने टोपी घातली, परत काढली.
पुढच्या गुरुवारी
हाच लावा, म्हणाला.

खुर्च्या आम्ही तशाच ठेवल्या.