सातवं कलम

निवेदन मीच टाईप केलं,
गुऱ्हाळमालकांत संगणक येणारा मी एकटा.
विषय: धुराड्याच्या उंचीबाबत व इतर.
इतर म्हणजे डिझेल,
विजेचा व्यापारी दर,
जाळ घालायला न मिळणारा माणूस,
मिळालाच तर त्याची आगाऊ उचल,
आणि मार्केट यार्डातला भाव,
जो आपण सोडून सगळे ठरवतात.
सहा कलमं. एक पान. खाली जागा उरली.

नोटिशीला उत्तर म्हणून
आम्ही धुराडं दोरीनं मोजलं.
रंगराव वर चढला, दोरी खाली सोडली.
बेचाळीस फूट,
आणि वर एक कावळ्याचं घरटं.
'घरटं धरायचं काय गा?'
त्यानं वरूनच विचारलं,
आणि खाली कुणालाच हसायला आलं नाही
कारण कमी पडणारे फूट
प्रत्येकजण मनात विटांच्या भावानं गुणत होता.

विश्रामगृहाच्या पोर्चमध्ये आम्ही अकरा जण,
ढेप माझ्या मांडीवर, फडक्यात,
चैत्रातली, उकाड्यानं घामेजलेली.
पीए तीनदा बाहेर आला,
तिन्ही वेळा दुसऱ्याच कुणाला आत घेऊन गेला.
शामगोंडा मगदूम म्हणाले, आपण टोप्या घालून यायला पायजे हुतं.
तेवढ्यात प्रयाग चिखलीच्या विमल वरुटेंनी
माझ्या खिशातलं पेन काढलं,
भिंतीला कागद टेकवला
आणि उरलेल्या जागेत लिहिलं,
अक्षर चढत, ओळ तिरकी:

७. काहिली धुतलेलं पाणी आमीच नदीत सोडतो.
टायर आमीच जाळतो, चिपाड वलं असलं की.
परवडंल असं दुसरं काय ते सांगा,
आमी बंद करतो.

'वैनी, हे कशाला?' मगदूम कुजबुजले,
'आपुन मागाय आलोय, कबूल कराय न्हाई.'
'मागायलाच लिवलंय,' त्या म्हणाल्या.
'गेल्या साली घाटावर मासं पांढरं पोट वर करून आलं,
तवा तुमी बघाय आला हुता की. नाक धरून.'

नवा कागद छापायला वेळ नव्हता.
खरं सांगायचं तर
समोरच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान होतं, उघडं होतं,
मी उठलो नाही.

साहेबांनी ढेपेवरचं फडकं बाजूला केलं.
'काळी कशी?'
'साहेब, हिच्यात पावडर न्हाई.'
'पण गिऱ्हाईक पिवळी मागतं ना?'
आम्ही होय म्हणालो. सगळेच.
त्यांनी कागद चाळला, बोट खाली खाली सरकलं,
एक, दोन, वीजदराचं बघू, चार,
धुराड्याला मुदत वाढवून घेऊ,
सहाव्यावर फोन वाजला.
सातव्यावर बोट होतं,
डोळे खिडकीबाहेरच्या गाडीकडे.
'हे कुणाच्या विरोधात आहे?'
विमलवैनी म्हणाल्या, 'आमच्याच.'
ते मोठ्यांदा हसले,
विनोद समजून, प्रेमानं,
आणि पीएनं आमचा सगळ्यांचा फोटो काढला.

पोचप्रत मिळाली.
आवकचा जांभळा शिक्का नेमका
पेनाच्या ओळींवर बसलेला,
तारीख 'टायर'वर, क्रमांक नदीवर.
मी ती फाईलला लावली.
शिवाजी पुलावर गाडी थोडी थांबली, पुढं ट्रॅफिक होतं,
कुणीच खाली पाण्याकडे बघितलं नाही,
म्हणजे प्रत्येकानं एकदा बघितलं.

आता दसऱ्यापर्यंत मुदत आहे.
माझ्या गुऱ्हाळामागं चार टायर पडलेत,
त्यांत पावसाचं पाणी साचून डास झालेत.
मी ते विकले नाहीत,
फेकलेही नाहीत.
रंगराव म्हणतो, घरट्यात पिल्लं आहेत,
चुलवाण पेटवायच्या आधी उडून जातील.
मी विचारलं, नक्की?
तो म्हणाला, तुझ्या कागदात घाल की.