अंगवळणी

निघताना वजन बासष्ट पूर्णांक चार,
परतल्यावर एकसष्ट पूर्णांक एक.
मधल्या तेराशे ग्रॅमचा हिशेब
मला कुणी मागितलेला नाही,
पण लॅबमध्ये सव्वीस वर्षं
लोकांचं पाणी बाटल्यांतून तपासलं की
ही खोड जात नाही.

एप्रिल. वेताळ टेकडी, कोथरूडकडचा चढ.
सकाळचे साडेसात, म्हणजे उशीरच.
गिरिपुष्पाची पानं झडलेली,
सावली म्हणावी तर काड्यांची.
जानेवारीत याच वळणावर
नाडी एकशे अडतीस असायची,
आज त्याच पावलांना एकशे साठ.
रक्त तेवढंच, ओढणाऱ्या दोघी.
मांड्या म्हणतात इकडे दे, पळायचंय,
कातडी म्हणते माझ्याकडे दे, घर तापलंय,
आणि हृदय मधल्या सुनेसारखं
दोन्हीकडे धावतंय.

पहिल्या आठवड्यात मी शहाणपणा केला.
पाणी प्या, पाणी प्या, सगळे सांगतात.
प्यायले. दोन तासांत तीन लिटर, नुसतं.
खाणीच्या कडेला पोचेतो
अंगठी बोटात रुतली,
पोटात डचमळ,
डोक्यात कुणी ओला टॉवेल घडी न करता
कोंबून ठेवल्यासारखं.
समोर मोर होता म्हणे. मला दिसला नाही.

खाली झुंबरबाई बसते.
ताकाचा माठ, स्टीलचे चार ग्लास,
दोरीने झाडाला बांधलेली छत्री.
मी बाटली तोंडाला लावणार
तर तिने ती हातातून काढूनच घेतली.
"पाणी बास. अळणी झालीयास तू."
आणि कैरीची फोड, वर खडेमिठाचा जाड थर,
"चाट आधी."

अळणी.
रिपोर्टात मी लिहिते: सोडियम, आकडा, खाली लाल रेघ.
सव्वीस वर्षांत
हा शब्द मला सुचला नव्हता.

घरी येऊन काळा टी-शर्ट काढला
तर पाठीवर पांढऱ्या रेघा, कडेला जाड, मधे विरळ.
अण्णांच्या शर्टावर असायच्या तशाच.
अण्णा भोसरीला फाउंड्रीत, भट्टीसमोर, पाळ्यांत.
मला कितीतरी वर्षं वाटायचं
ते चुन्याचं काम करतात.
शाळेत तसं सांगितलंही होतं.

आई तो शर्ट वेगळ्या बादलीत टाकायची.
गावच्या लग्नाची रजा संपवून ते कामावर गेले
की पहिले आठ-दहा दिवस रेघा दाट,
मग पुसट, मग बघावं लागे.
बाही उजेडात धरून आई म्हणायची,
"पडलं परत अंगवळणी."
मला वाटायचं, कामाबद्दल बोलतेय.
ती शर्ट वाचत होती.

आज बारावा दिवस.
घाम पहिल्या वळणाआधीच येतो, न बोलावता,
आणि पातळ. ओठावरून जीभ फिरवली,
परवापेक्षा कमी खारट.
शरीर पाणी जाऊ देतंय,
मीठ मात्र उंबऱ्यातूनच
हाताला धरून परत आणतंय.
कुणी शिकवलं त्याला?
मी तर फक्त चढत होते.
नाडी एकशे अठ्ठेचाळीस. लिहून ठेवली.

रात्री वहीच्या शेवटच्या पानावर
अण्णांचाही मांडायला घेतला हिशेब.
पाळीला किती लिटर, वर्षाला किती पाळ्या,
गुणिले एकतीस.
भट्टीपुढे जाताना त्यांचं वजन कुणी घेतलं नव्हतं,
येतानाही नाही.
अर्ध्यात पेन्सिल थांबली.
एवढ्या मोठ्या आकड्याला
आमच्याकडे बाटली नाही.

टी-शर्ट भिजत घातला.
वेगळ्या बादलीत.
उद्या पावणेसहाला निघायचं, चिमूटभर मीठ
आणि लिंबू घेऊन.
आणि झुंबरबाईचे वीस रुपये राहिलेत.