पाचवी खाच

तेराव्यानंतर आठवड्याने हॉस्पिटलला फोन केला.
चाकाची खुर्ची परत घेऊ, बाई म्हणाल्या,
बाकीचं नाही. एकदा वापरलेलं आम्हाला चालत नाही.
टाकून द्या, लव्ह.
हॅलिफॅक्समध्ये सगळ्यांनाच लव्ह म्हणतात.
एकेचाळीस वर्षं तुझ्या कपाळाला
त्याची एक छोटी आठी पडायची.

टाकून द्या.
ओट्याखाली तुझे दह्याचे रिकामे डबे आहेत, धुतलेले,
परवा मोजले, त्रेसष्ट.
ह्या घरातून कधी काही टाकलं गेलंय?

मग पोस्टाच्या खिडकीत चिठ्ठी लावली:
फुकट. वॉकर, कमोड, आंघोळीची फळी.
खाली ‘उत्तम स्थितीत’ असं लिहिलं,
आणि खोडलं.
कुणाबद्दल लिहितोय, असं वाटलं.

कमोड न्यायला शमीम आली, पलीकडच्या गल्लीतली,
सासूसाठी. तिला संकोच, मला त्याहून जास्त.
आम्ही हवेबद्दल बोललो, धुक्याबद्दलसुद्धा.
रिकामं भांडं कुणाच्या हाती देऊ नये, हा तुझा नियम.
आता त्या भांड्यात काय घालायचं?
चिमूटभर साखर काही शोभेना.
शेवटी चंदनी साबणाची नवी वडी ठेवली,
तू दिवाळीसाठी लपवलेली.
शमीमने झाकण उघडून पाहिलं,
काही बोलली नाही, भांडं छातीशी धरून नेलं.

फळी कुणालाच नको होती.
ती खिडकीत आडवी टाकली.
तुझा कढीपत्ता आता तिच्यावर बसतो,
पाय न भिजवता.

वॉकरसाठी आला बॅराक्लफ.
ट्रक चालवायचा म्हणे. खुब्याचं हाड मोडलेलं,
मुलगी बाहेर गाडी चालू ठेवून बसलेली.
सहा फुटांच्या वर माणूस,
वॉकर त्याच्या मांडीशीच संपला.
मी खाली बसलो, म्हणजे बसायलाच वेळ लागला,
आणि पायांमधली बटणं दाबू लागलो.

पाचवी खाच.
पहिल्या दिवशी नर्सने तुला भिंतीशी उभं करून
चार फूट अकरा लिहिलं होतं.
पाच लिहा, तू म्हणालीस,
आणि तिने लिहिले.

सहावर कट्. सातवर कट्. आठवर कट्.
मग दुसरा पाय.
तिसऱ्याचं बटण हलेना, आत पीठ बसलेलं,
ज्वारीचं असावं.
खिळ्याने टोकरून काढलं, तळहातावर घेतलं,
कुठे ठेवावं कळेना, सदऱ्याच्या खिशात टाकलं.
सावकाश, बॅराक्लफ वरून म्हणाला,
मला कुठे पळायचंय.

तो उभा राहिला, दोन पावलं, चार पावलं,
उंबऱ्याशी थबकून, बाहेर.
आता तुझी उंची
ह्या घरात कुठेच लिहिलेली नाही.

पुढच्या दांडीला तू शिवलेली खणाची पिशवी
काढायची मात्र राहून गेली.
पंधरा दिवसांनी तो चढावर भेटला.
पिशवीत त्याचा चष्मा, लॉटरीची तिकिटं,
आणि घडी घातलेला एक कागद.
हा तळाशी होता, म्हणाला, टाकवेना.
काय लिहिलंय?

तुझं अक्षर, शिरोरेषेचा कंटाळा केलेलं:
गॅस. मागचं दार. ह्यांच्या गोळ्या.

गॅस सांगितला. दार सांगितलं.
मग गोळ्या, म्हणालो.
कुणाच्या? त्याने विचारलं.

दोन म्हातारे चढावर, धापा टाकत,
मागे बस खोळंबलेली.
‘ह्यांच्या’ला इंग्रजीत काय म्हणायचं
हे इतक्या वर्षांत कधी लागलंच नव्हतं.

माझ्या, म्हणालो.