शिंगराच्या वाटणीचा थेंब

सोनकूलच्या कुरणावर बेकतूरचे डोळे आले
जूनअखेरीला, मेंढ्या कातरायच्या दिवसांत.
सकाळी पापण्या अशा चिकटलेल्या
की त्यानं खोगिराला हाक मारली,
मी समजून.

झूराताई घोड्यावरून आली, दुपार कलल्यावर.
औषधाची कुपी माझ्या हातात दिली
आणि लगेच काढून घेतली.
"आधी हात धू. साबणानं.
घोडीचं दूध काढून आलेले हात
डोळ्याजवळ न्यायचे नसतात."

मग तिनं मुलाची मान मागं केली,
खालची पापणी हलकेच ओढली, एक खळगा झाला,
त्यात एक थेंब.
"दुसरा घालू नकोस, तो गालावर जातो.
टोक कशालाही लागता कामा नये,
पापणीला नाही, तुझ्या बोटाला नाही.
आता मिट रे. नाकाजवळचा कोपरा दाबून धर,
साठ मोज, नाहीतर कडू घशात उतरेल."

बेकतूर चाळीसवर थांबला
आणि तोंड वाकडं करून थुंकला.
पुढच्या वेळी त्यानं एकसष्ट मोजले.

"दिवसातून चारदा, सात दिवस," झूराताई म्हणाली.
"तिसऱ्या दिवशी डोळे निवळतील,
तुला वाटेल, झालं.
झालेलं नसतं."
लेबलवर पेन्सिलीनं तिनं तारीख घातली:
आज उघडली. चार आठवड्यांनी फेकायची,
उरली तरी.

कुपी मी बरणीत घातली, बरणी झऱ्यात,
वर दगड. आमचा फ्रिज तोच.

तिसऱ्या दिवशी डोळे खरंच निवळले.
पाचव्या दिवशी कुपीच्या तोंडाशी
एक केस सापडला. तांबूस, आखूड, राठ.
आमच्या घरात असे केस कुणाचेच नाहीत.

बाहेर शिंगरू उभं होतं,
डावा डोळा सुजलेला, गालावरून ओघळ.
"त्यालाही सकाळी दिसत नव्हतं," बेकतूर म्हणाला,
"आणि माझे तर बरे झालेत.
मी हात धुतले होते, आई.
त्याला मोजता येत नाही, म्हणून मीच मोजलं."

रात्रभर मी लांडग्यांसाठी
डोळ्यांत तेल घालून जागते,
आणि भर दुपारी एक शिंगरू
माझ्या मुलाच्या डोळ्यापर्यंत पोचलं होतं,
त्या एवढ्याशा टोकावरून.

कुपी उन्हात धरली. अर्धी भरलेली.
पाणी झऱ्यासारखं नितळ.
मला रागवायचं होतं,
पण पोरगं माझ्या तोंडाकडे बघत होतं
स्वच्छ, उघड्या डोळ्यांनी.
त्या डोळ्यांसाठीच तर कुपी टाकायची होती.

झऱ्यात ओतली नाही, खालच्या अंगाला माणसं पितात.
चिंधीत बांधून नवऱ्याच्या हाती दिली.
एसेनकुल काही बोलला नाही, खोगीर कसलं
आणि उतरणीला लागला.
गाव एका दिवसावर.

तो परतेस्तोवर बेकतूरच्या पाच पाळ्या चुकल्या.
दर पाळीला तो येऊन बसायचा, मान मागं करून,
आणि मी नुसतंच उकळून गार केलेल्या पाण्यात
स्वच्छ कापड भिजवून डोळे पुसायची.

दुसऱ्या रात्री कुत्री भुंकली.
एसेनकुलच्या दोन खिशांत दोन वस्तू:
एकात नवी कुपी, झूराताईनं तारीख
आमच्यावर सोडलेली;
दुसऱ्यात जनावरांच्या डॉक्टरचं मलम,
घोड्याचं घोड्याला.

पेन्सिल बेकतूरनं घेतली.
जीभ बाहेर काढून, अक्षर वाकडं,
पण तारीख बरोबर.
खाली त्यानं आपलं नाव लिहिलं
आणि त्याखाली, कुणी न सांगता:
"शिंगराची नाही."

शिंगराच्या डोळ्यात अजून
एक फिकट ढग आहे. जाईल म्हणतात.
मलम लावताना मी त्याचं डोकं धरते,
आणि बेकतूर शेजारी उभा राहून
साठपर्यंत मोजतो, मोठ्यानं.
मलमाला मोजायचं नसतं
हे मी त्याला सांगितलेलं नाही.