आधी शिरोरेषा

सकाळी सहाला, चाळीस मीटरवर,
नाशिकरोडहून विस्पुत्यांचा आवाज यायचा,
नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या माणसाचा,
शब्द मोजून बंडल बांधल्यासारखा.
मी सातपूरला. गच्चीवर बांबूला ताणलेली तार,
तिच्यात मागच्या संक्रांतीचे दोन पतंग अजून अडकलेले.
बोलायचो ते काय? सूर्यावरचे डाग,
मेथीची जुडी,
गंगापूर धरण किती टक्के.

मग गळ्याचं ऑपरेशन झालं.
स्वरयंत्र काढून टाकलं.
सहाला नुसती खरखर,
तरी मी माइक हातात धरून बसायचो.
"व्हॉट्सअ‍ॅप आहे की," सून म्हणाली.
आहे. त्यावर ते सुविचार पाठवतात.

तेविसाव्या दिवशी, त्याच वेळी, बँडच्या खालच्या टोकाला
किल्ली वाजली.
माझा मोर्स पार गंजलेला. पेन्सिल सापडेपर्यंत
अर्धं वाक्य देवळालीपलीकडे गेलेलं.
पण हात ओळखला.
ठिपक्यांनाही हेल असतो, गावाचा असतो तसा.
बोटं थरथरायची; 'एस'चे तीन ठिपके चार व्हायचे,
आणि विस्पुते रोज सकाळी विहपुते व्हायचे.
मी वहीत तसंच उतरवून घ्यायचो.
दुरुस्त करणं बरं दिसेना.

डिसेंबरात नातवानं लॅपटॉप जोडून दिला.
पंधरा सेकंद त्यांचं यंत्र, पंधरा सेकंद माझं.
खरखरीच्या तळातूनही वेचून आणतं ते अक्षरं.
ब्राझीलचा कुणी उणे एकवीस,
विस्पुते अधिक बारा. एवढे जवळ.
चूक नाही. थरथर नाही.
हेलही नाही.
मोकळं लिहायचं तर तेरा अक्षरांची जागा,
तेवढ्यात मी काय विचारणार?
त्या आठवड्यात दोनदा रेडिओ लावलाच नाही.

मग एका गुरुवारी स्पीकरमधून किरकिर सुरू झाली,
रातकिड्यानं गणित म्हणावं तशी.
चित्र येत होतं. वरून खाली, ओळीमागून ओळ.
त्यांच्या नि माझ्या यंत्राच्या घड्याळात केसाएवढा फरक,
म्हणून सगळंच उजवीकडे कललेलं.
आधी लाकडी चौकट. मग काळं. पाटी असावी.
मग काळ्यावर खडूच्या दोन मात्रा,
दुसरीखाली काना डोकावतोय.
मग शिरोरेषा.
तिच्याखाली अजून काहीच नाही.

इतकी वर्षं लिहितो-वाचतो आहे,
कधी लक्षात आलं नव्हतं
की शिरोरेषेच्या वर
'येतोय' आणि 'गेलोय' अगदी सारखे दिसतात.

मी खुर्चीवरून उठलो. पुन्हा बसलो.
सूनबाईला हाक मारणार होतो, नाही मारली.
सेकंदाला दोन ओळी.
आधी एक पोट उतरलं, गोल, डावीकडे वळलेलं,
मग दांडा,
मग 'त'ची वाकडी शेपटी.

गॅस पेटवला. आलं किसायला घेतलं.
बस द्वारकेला बदलावी लागते, तासभर तरी जाईल.
पाटीवर खाली अजून एक ओळ होती,
ती शेजारच्या मिक्सरच्या खरखरीत गेली.
साखरेचं काहीतरी होतं.